मोटारीतील मंद्रस्वर

गेल्या चैत्रात आमच्या घरी मोटारीसाठी सबवूफर घ्यावा की न घ्यावा, आणि घ्यावयाचा तर कोणता, असा प्रश्न निघाला व तो सुटेपर्यंत वैशाख सरला. या सदरातून आजवर आम्ही पाणी तापविण्याच्या बंबापासून चष्म्याच्या भिंगापर्यंत अनेक गृहोपयोगी वस्तूंची चिकित्सा केली. परंतु मोटारीत धडधड करणारे हे यंत्र कधी आमच्या लेखणीखाली येईल असे आम्हांस वाटले नव्हते. रस्त्याने एखादी मोटार जाताना तिच्या काचांबरोबर आपल्या घराच्याही काचा थरथरू लागल्या म्हणजे जे शब्द सर्वांच्या तोंडी येतात, तेच आमच्याही तोंडी येत असत. आज आम्ही त्या यंत्राची कैवार घेऊन चर्चा करीत आहो, यास कारण आमचे वडील बंधू होत.

आमचे दादा ८४ वर्षांचे आहेत. तारुण्यापासून चाळीसएक वर्षे त्यांनी गावच्या देवळात सोमवारच्या भजनास व दरसालच्या सप्त्यास पखवाजाची साथ केली. दशावतारी मंडळीचा पखवाजी आजारी पडला तर रात्रभर नाटकासही त्यांनीच हात द्यावा, अशी तेव्हाची रीत होती. आता संधिवाताने बोटे आखडली असून पखवाज माजघरात गवसणीत पडून आहे. महिन्यातून दोनदा त्यांना मालवणाहून कुडाळास डॉक्टरांकडे न्यावे लागते. सन १९८८ च्या सप्त्यात एका चाकरमान्याने टेपरेकॉर्डरवर त्यांची साथ मुद्रित केली होती, ती कॅसेट घरात होती. दादांच्या नातवाने खटपट करून ती पेनड्राइव्हवर उतरविली आणि कुडाळच्या वाटेवर चौके मागे पडल्यावर मोटारीत लावली. दादांनी थोडा वेळ कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "झांज आयकाक येता, पेटी आयकाक येता. माझो डावो हात खंय गेलो?"

पुढे कुडाळ येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

पखवाजाच्या उजव्या मुखावर कायमची शाई असते आणि डाव्या मुखावर, ज्यास धुमा म्हणतात, वाजविण्यापूर्वी ओल्या कणकेचा थर देतात. त्या कणकेच्या वजनाने स्वर खाली उतरतो व तो गंभीर 'धुं' निघतो. (उजव्या मुखावरील शाईमुळे चामड्यातून सुस्वर कसे निघतात याचा उलगडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सन १९२० मध्ये व पुन्हा १९३४ मध्ये केला. आमचे दादा शास्त्र न शिकता तेच बोटांनी जाणत होते, असो.) मनुष्याचा कान सेकंदास सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो, आणि डाव्या हाताचे हे बोल त्या पट्टीच्या अगदी तळाशी, शंभराच्या आसपास व त्याखाली राहतात. आपल्या संगीतशास्त्रकारांनी नादाची मंद्र, मध्य व तार अशी तीन स्थाने मानली असून मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा, असे सांगितले आहे. मोटारीच्या दारांत कारखान्यातून बसवून येणाऱ्या सहा-साडेसहा इंची स्पीकरांना कंठ व मूर्धा आहेत, हृदय बहुधा नसते. खालच्या स्वरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि लहान पडद्याला ते बळ नाही.

याशिवाय आणखी दोन कारणे आहेत. चालत्या मोटारीत टायरांची व इंजिनाची जी घरघर असते तीही खालच्याच स्वरांची असते. तिच्याखाली मृदंगाचा डावा हात बुडून जातो. दुसरे असे की, आवाज बारीक ठेवला असता कानास खालचे स्वर इतर स्वरांहून पुष्कळच क्षीण वाटतात; फ्लेचर व मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी सन १९३३ मध्ये हे मोजून दाखविले. यास्तव हळू आवाजात ऐकणाऱ्या वृद्धांनाच खालच्या स्वराची उणीव अधिक भासते. वयपरत्वे कानाची शक्ती जाते तीही वरच्या स्वरांची आधी जाते व खालच्या स्वरांची बहुधा शेवटी. म्हणजे दादांना जे अद्याप नीट ऐकू येण्याजोगे होते, नेमके तेच मोटार त्यांना ऐकवीत नव्हती.

इंग्रजीत मोठ्या स्पीकरास वूफर म्हणतात तो कुत्र्याच्या भुंकण्याच्या अनुकरणाने, आणि लहानास ट्वीटर म्हणतात तो पाखराच्या चिवचिवीवरून. वूफरच्याही खालचा तो सबवूफर. आम्ही यास 'मंद्रक्षेपक' असा शब्द योजून पाहिला. परंतु कुडाळच्या दुकानात तो उच्चारताच दुकानदाराने आम्हांस शेजारच्या औषधांच्या दुकानाकडे बोट दाखविले. तेव्हापासून आम्हीही सबवूफर म्हणू लागलो.

खर्चाची मर्यादा १२,००० रुपये ठरली. घरात आम्ही अकरा माणसे. मोटार सर्वांची, तिचे हप्ते चालू, आणि त्याच महिन्यात कौले चाळून घेण्याचे काम पुढे उभे. आमच्या वहिनींनी कोकमाच्या पैशांतून काही भर घातली, मात्र अट अशी घातली की डिकीत आंब्याच्या दोन पेट्या पूर्वीप्रमाणेच मावल्या पाहिजेत. ही अट प्रारंभी आम्हांस अडचणीची वाटली. पुढे तिनेच आम्हांस वाचविले.

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी, जो स्वर हवा आहे तो मूळ मुद्रणात तरी आहे काय, हे पाहावे. नातवाने चांगला हेडफोन आणून दादांच्या कानांस लावला. दादांची मान डोलू लागली आणि डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर हलू लागली. स्वर तेथे होता. तो नसता तर बारा हजार काय, बारा लाखांनीही तो मोटारीत उत्पन्न झाला नसता.

आता वॉटांचा मायाबाजार. दुकानात आम्हांस एक पेटी दाखविण्यात आली. तिच्यावर '१२०० वॉट' असे ठसठशीत छापले होते. बारीक अक्षरांत तळाशी 'आर.एम.एस. १५० वॉट' असे होते. आम्ही शाळेत जन्मभर संस्कृत शिकविले, पण गणिताचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो तासही आमच्याच गळ्यात पडे, म्हणून एवढे सांगू शकतो: विजेच्या लाटेची उंची क्षणोक्षणी बदलते, तिच्या मूल्यांचे वर्ग करावे, त्यांची सरासरी काढावी व तिचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे आर.एम.एस. मूल्य येते. त्यावरून काढलेली जी शक्ती, ती यंत्र अखंड देऊ किंवा सोसू शकते. शुद्ध लाटेत शिखराची शक्ती या शक्तीच्या दुप्पट असते. आठपट कशी झाली ते विकणारासच ठाऊक. सबब 'पीक', 'मॅक्स' व 'पी.एम.पी.ओ.' हे शब्द दिसताच वाचकांनी तो अंक मनातल्या मनात खोडून टाकावा व आर.एम.एस. चा अंक शोधावा. तो कोठेच छापला नसेल तर ती वस्तू परत ठेवावी. अँप्लिफायरवर 'सीईए-२००६' अशी खूण आढळल्यास अंक एका ठराविक रीतीने मोजलेला आहे असे समजावे.

अंक खरा वाटत नसेल तर अँप्लिफायरच्या कडेला बसविलेला फ्यूज पाहावा. फ्यूज २० अँपिअरचा असेल आणि चालू मोटारीतील दाब सुमारे १४ व्होल्ट धरला, तर आत जाणारी वीजच २८० वॉट झाली. त्यातील काही उष्णतेत जाणार. उत्तम डी वर्गाच्या अँप्लिफायरातूनही सुमारे दोनशेच वॉट बाहेर पडतील. वीसच्या फ्यूजवर बाराशे वॉट लिहिणे म्हणजे शेरभर दुधातून सहा शेर लोणी काढणे होय. हा हिशोब आम्ही दुकानातच कागदावर मांडून दाखविला. दुकानदार गृहस्थ सज्जन होता; त्याने चहा मागविला आणि फडताळाच्या मागच्या बाजूची दुसरी पेटी काढली.

शिवाय वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटांनी अवघे ३ डेसिबल वाढतात. कानास दुप्पट वाटावयास सुमारे दसपट वॉट लागतात. म्हणून दोन स्पीकरांपैकी एकाची 'सेन्सिटिव्हिटी' ८७ व दुसऱ्याची ९० डेसिबल असेल, तर दुसरा अर्ध्या विजेत तितकाच बोलतो. काटकसरीने घेणाऱ्याने वॉटांपेक्षा हा अंक आधी पाहावा.

तरुणांस वाटते, इंच जितके अधिक तितके बरे. आमच्या नातवानेही एका मित्राची बारा इंची पेटी चार दिवसांसाठी आणून डिकीत बसविली. ती छिद्राची पेटी होती. कळशीच्या तोंडावर तिरपी फुंकर मारली असता जसा एक ठराविक स्वर घुमतो, तसा या पेटीतील नळीतून एक स्वर घुमतो व थोड्या विजेत आवाज पुष्कळ वाढतो. नळीची लांबी व पेटीचे आकारमान स्पीकरास जुळवून केले असेल तर ही पेटी उत्तमही असते. परंतु स्वस्तात मिळणाऱ्या तयार पेट्यांत ते गणित सहसा कोणी केलेले नसते. दादांना पुढच्या आसनावर बसवून सप्त्याचे मुद्रण लावले. खळ्यातील तुळशीवृंदावनावरचा दिवा हलू लागला. पडवीत ताक घुसळणाऱ्या वहिनी बाहेर आल्या. आणि दादा म्हणाले, "ह्यो पखवाज न्हय, ह्यो पिपाचो आवाज." त्यांचे खरे होते. 'धुं' आणि 'ग' हे बोल निरनिराळे न राहता सर्व मिळून एकच घुमणे झाले होते. बोल संपला तरी पेटी बोलतच राहत होती. त्या पेटीपुढे आंब्याची एकही पेटी मावत नव्हती, हे वहिनींनी त्याच वेळी सर्वांच्या निदर्शनास आणून दिले.

नातवाचा विरस झाला. तो म्हणाला, "भाऊआजोबा, मग हे सगळं रद्दच करू या." आम्हांस मात्र वाटले की, चाचणी आता कोठे पुरी झाली: आम्हांस मोठा आवाज नको, डावा हात हवा.

तेव्हा बंद पेटी करावी असे ठरले. बंद पेटीतील हवा गादीप्रमाणे पडद्यास मागे रेटते, त्यामुळे तो थाप संपताच थांबतो व बोल सुटे राहतात. तिचा आवाज खालच्या अंगास हळूहळू कमी होत जातो. परंतु मोटारीसारख्या लहान बंद जागेत खालचे स्वर आपोआप काहीसे उचलले जातात, म्हणून ती तूट बरीचशी भरून निघते. दहा इंची स्पीकरास साधारणपणे अर्ध्यापेक्षा अधिक व एक घनफुटाच्या आत जागा पुरते. आमच्या स्पीकरबरोबरच्या कागदावर पाऊण घनफूट लिहिले होते. आतून १२ × १२ × ९ इंच धरले तर १२९६ घन इंच होतात, आणि घनफुटात १७२८ घन इंच असल्याने ते बरोबर पाऊण घनफूट. फळी १८ मिलिमीटरची, म्हणजे पाऊण इंचाला किंचित कमी. बाहेरून पेटी सुमारे साडेतेरा इंच चौरस व साडेदहा इंच खोल. एवढी पेटी डिकीच्या एका कोपऱ्यात बसून शेजारी आंब्याच्या दोन पेट्या राहतात. गावच्या सुताराने ती दोन दिवसांत करून दिली.

लाकडाविषयी मालवणच्या किनाऱ्यावर वेगळा विचार करावा लागतो. बाजारातील पेट्या बहुधा एमडीएफच्या असतात. आमच्या आषाढ-श्रावणाची ओल लागली की हा लगदा कडांना फुगतो व सांधे सुटतात. आम्ही मरीन प्लायवूड घेतले, सांधे आतून गोंदाने भरले. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कडी फोमची नसून रबराची असावी. फोम दमट हवेत काही वर्षांत कुजतो. पडदा कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा असल्यास ओलीचे भय कमी. आणि तारांची टोके खाऱ्या हवेत हिरवी पडतात, म्हणून ती झाकलेली असावीत.

ज्यांच्या डिकीत साडेतेरा इंचही सोडण्यासारखे नसतील त्यांनी आसनाखाली सरकणारा, अँप्लिफायरसह येणारा उथळ सबवूफर पाहावा. त्यात पेटीची व जुळणीची यातायात नाही. आठ-इंची पडदा व चपटी पेटी यांमुळे तो फार खाली उतरत नाही, तरी दारांतील स्पीकरांहून पुष्कळ बरा. आमच्याही मनात तो आला होता. पण दादांचे पाय ज्या आसनाखाली सैल राहावयास हवेत तेथेच तो बसणार होता.

लोक सगळा पैसा स्पीकरवर घालतात आणि तारेत वाचवतात, हे आम्हांस सर्वांत घातक वाटते. बाजारातील पुष्कळ तारा वरून तांब्याच्या व आतून अॅल्युमिनियमच्या असतात. अशी तार तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच वीज वाहते, आणि खाऱ्या हवेत तिचे टोक लवकर खाल्ले जाते. दीडशे वॉटांच्या डी वर्गाच्या अँप्लिफायरास भर आवाजात पंधरा अँपिअरांच्या जवळपास वीज लागते. त्यास शुद्ध तांब्याची ८ गेजची तार पुरते. (गेजचा अंक जितका लहान तितकी तार जाड, हे उलटे गणित ध्यानी ठेवावे.) बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, अठरा इंचांपलीकडे नव्हे, त्या तारेवर फ्यूज हवाच. अँप्लिफायरवर फ्यूज आहे म्हणून हा गाळू नये. मधली तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली तर अँप्लिफायरचा फ्यूज तिला वाचवू शकत नाही, आणि मग मोटारच पेटते. जेथे तार पत्र्यातून जाते तेथे रबराची कडी घालावी.

ओहमचे आकडेही जुळले पाहिजेत. आमचा स्पीकर एका वेटोळ्याचा व ४ ओहमचा. अँप्लिफायर ४ ओहमला १५० वॉट देणारा. जुळणी सरळ झाली. चार-चार ओहमची दोन वेटोळी असलेला स्पीकर घेतल्यास ती एकापुढे एक जोडली असता ८ व शेजारी-शेजारी जोडली असता २ ओहम होतात, आणि २ ओहमवर चालण्यास न बनविलेला अँप्लिफायर तापून बंद पडतो. कारखान्याच्या रेडिओस अँप्लिफायरसाठी वेगळी तोंडे बहुधा नसतात. म्हणून स्पीकरच्याच तारेवरून संकेत घेणारा, 'हाय लेव्हल' तोंडाचा अँप्लिफायर निवडावा, म्हणजे नवा रेडिओ घेण्याचा खर्च वाचतो.

हिशोब असा झाला: स्पीकर ३,७०० रुपये, अँप्लिफायर ४,५००, तांब्याच्या तारा व फ्यूज १,६००, प्लायवूड व सुतार १,५००, बसविणावळ ६००. एकूण ११,९००. राहिलेल्या शंभरांत नातवाने दुकानाबाहेर सोलकढी घेतली असे तो म्हणतो.

बसविल्यावर लावणे हेही काम आहे. अँप्लिफायरवरील एका बटणाने ८० कंपनांच्या वरचे स्वर सबवूफरकडे जाण्यापासून अडवावे. त्याखालच्या नादाची दिशा कानास उमगत नाही, म्हणून पेटी मागे असली तरी पखवाज पुढेच वाजतोसा वाटतो. मग सबवूफरच्या दोन तारा एकदा उलट करून पाहाव्या व ज्या जोडणीत बोल भरीव लागेल ती ठेवावी. हे करण्यास एक पैसा पडत नाही आणि फरक पुष्कळ पडतो. पहिल्या दिवशी नंबराची पाटी खडखडू लागली; तिच्यामागे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. 'गेन' नावाचा खुंटा म्हणजे आवाज वाढविण्याचा खुंटा नव्हे, तो रेडिओ व अँप्लिफायर यांचे माप जुळविण्यासाठी असतो. नातवाने तो पुष्कळ पुढे नेला होता. आम्ही तो मागे आणीत आणीत अशा ठिकाणी ठेवला की सबवूफर चालू आहे हे कळू नये, पण बंद केला तर चुकल्यासारखे वाटावे.

शेजाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ज्या मापाने हे मोजतात त्यात खालचे स्वर कमी धरले जातात, म्हणून यंत्रावरचा आकडा लहान असूनही शेजारच्या घरातील तान्हे मूल जागे होऊ शकते. आम्ही घरात असे ठरविले की वाडीत शिरताना सबवूफर बंद. चालकाच्या हाताशी त्यासाठी एक लहान बटण बसविले आहे.

ज्येष्ठाच्या दुसऱ्या आठवड्यात दादांना घेऊन पुन्हा कुडाळास निघालो. पाऊस लागला होता, काचा वर होत्या. चौक्याच्या पुढे नातवाने मुद्रण लावले. दादा पहिली दहा मिनिटे काहीच बोलले नाहीत. आम्हांस वाटले, याही वेळी साधले नाही. मग एकाएकी त्यांनी नातवाच्या दंडावर हात ठेवला व मागे घ्यावयास सांगितले. त्याने मागे घेतले. पुन्हा तोच भाग आला तेव्हा दादांनी बोट उचलले व म्हणाले, "हयसर. हयसर माझो डावो चुकलो. बुवांच्या ध्यानात इला नाय." सन १९८८ मध्ये झालेली ती चूक त्यांनी कुडाळ येईपर्यंत चार वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी हसले. डॉक्टरांकडेही प्रथम तीच सांगितली.

पेटीच्या तारांना आम्ही ओढून सुटणारे जोड दिले आहेत, म्हणून ती दोन मिनिटांत काढता येते. चतुर्थीस माटवीचे सामान, नारळ व मुंबईकरांच्या बॅगा यांस डिकी पुरत नाही. तेवढे पंधरा दिवस ती माळ्यावर राहील, आणि दादांना त्या काळात भजनास प्रत्यक्ष पखवाज ऐकावयास मिळेलच.